आवक-जावक

आईच्या हनुवटीवरचे केस उपटून द्यायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. दुपारची भांडी आवरली की ती परसात गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात बसायची. कुंकवाच्या करंड्यात ठेवलेला बारका चिमटा माझ्या हातात द्यायची आणि मान वर करायची. "डावीकडं बघ, तिथं एक टोचतोय." तो बोटाला लागायचा, पण डोळ्याला दिसायचा नाही. हनुवटी धरून तोंड जरा उजेडाकडं वळवलं की मग चमकायचा. जाड, पांढरा, तारेसारखा. असे तीन-चारच असायचे. एक मात्र शेवटपर्यंत काळाच राहिला.

मी तेव्हा बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये दहा-अकरा वर्षं काम करत होते. हार्मोनचे रिपोर्ट रोज हाताखालून जायचे. तरी आईची हनुवटी आणि ते रिपोर्ट यांचा काही संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. तो जोडून दिला माझ्या भाचीनं.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, खानापूर तालुक्यातली, वय एकोणीस. गेल्या श्रावणात लॅबच्या दारात "मावशी, मी आलो" म्हणत उभी राहिली. आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. पुण्याकडच्या माणसांना ते ऐकून नवल वाटतं. माझी आई जन्मभर स्वतःबद्दल असंच बोलली, आणि तिच्या बाईपणाला त्यानं कधी धक्का लागला नाही.

पोरीनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. आतल्या खोलीत नेऊन दार लावलं तेव्हा तिनं ती काढली. ओठावर, हनुवटीखाली, कानशिलापासून खाली, सगळीकडं राठ केस. दोऱ्यानं काढून काढून कातडी लाल झालेली. मानेच्या मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा. तो मळ आहे असं समजून तिनं काथ्यानं घासून घासून मान सोलवटली होती. पाळी तीन-तीन महिने यायची नाही. हे सगळं ती कोरड्या आवाजात सांगत होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, बघायला आलेल्या बाईनं आईला विचारलं, पोरीच्या अंगात बाप्याचं काय हाय काय म्हणून."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या बाईला मी कधी भेटणार नाही, म्हणून इथं उत्तर देते. हो, आहे. तिच्या अंगात आहे, माझ्या अंगात आहे, विचारणाऱ्या बाईच्याही अंगात आहे. बाईच्या अंगात ते नसतं तर तिचं बाईपणही घडलं नसतं.

ती बाई ज्याला 'बाप्याचं' म्हणाली ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन, आपल्या भाषेत संप्रेरक. ते कोलेस्टेरॉलपासून तयार होतं. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावानं आपण घाबरतो, तोच याचा कच्चा माल. सत्तावीस कार्बनच्या त्या रेणूला एकामागून एक कात्री लागते आणि एकोणीस कार्बनचं टेस्टोस्टेरॉन उरतं. पुरुषात हे काम मुख्यतः वृषणातल्या लायडिग पेशी करतात. फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नळ्यांच्या मधल्या फटींमध्ये या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एलएच नावाचा निरोप रक्तातून धाडते. निरोप आला की पेशी कामाला लागतात. रक्तात पुरेसं टेस्टोस्टेरॉन आलं की तेच वर जाऊन मेंदूला सांगतं, आता हात आखडता घ्या.

बाईच्या अंडाशयातही एलएचचा तोच निरोप येतो आणि थीका नावाच्या पेशी तसंच काम करतात. तिच्या टेस्टोस्टेरॉनचा ढोबळमानानं चौथा हिस्सा अंडाशयातून येतो, चौथा मूत्रपिंडाच्या टोकावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून, आणि उरलेलं अर्धं चरबी, कातडी आणि लिव्हर मिळून दुसऱ्या कच्च्या संप्रेरकांपासून बनवतात. त्याच अंडाशयात शेजारच्या पेशी यातला बराच माल उचलतात, अजून एक कार्बन छाटतात, आणि इस्ट्रोजेन तयार होतं. ज्याला आपण बाईचं संप्रेरक म्हणतो, त्याचा प्रत्येक कण त्याआधी 'बाप्याचा' असतो. दुसरी वाटच नाही त्याला.

फरक आहे तो मापाचा. निरोगी पुरुष दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम बनवतो, बाई पाव मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या येळ्ळूरच्या तांदळाचा एक दाणा वीसेक मिलिग्रॅमचा धरा. म्हणजे गड्याची दिवसभराची कमाई दाण्याच्या चौथाई-तिसऱ्या भागाएवढी, आणि बाईची एका दाण्याएवढी व्हायला अडीच महिने लागतील. मी भाचीला ओट्यावरच्या डब्यातले तांदूळ तळहातावर घेऊन दाखवले. ती बराच वेळ त्या दाण्यांकडं बघत राहिली.

आमचे आबा पैलवान होते. लग्नाआधी तालमीतच झोपायचे. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्यांच्या आठवणी सांगताना म्हातारपणीही त्यांची मान ताठ व्हायची. त्यांच्या वस्तादांची शिकवण एकच : लंगोट सांभाळ. वीर्य साठवलं की त्याचं बळ होतं, सांडलं की माणूस रिकामा. आबांनी ते मनापासून मानलं, आणि त्या मानण्यातून जी शिस्त आली तिनं त्यांना घडवलं, याबद्दल मला शंका नाही. पहाटे चारला उठणं, हौद्यातली लाल माती खणणं, हजार बैठका, दारू-विडीला हात न लावणं. याचं मोल कोणत्याही रिपोर्टात मावत नाही.

पण साठवणुकीची गोष्ट खरी नाही. एकाच अवयवात दोन वेगळे उद्योग चालतात. नळ्यांमध्ये शुक्राणू बनतात आणि ते बाहेरच्या वाटेनं जातात. नळ्यांच्या मधल्या पेशींत टेस्टोस्टेरॉन बनतं, ते थेट रक्तात उतरतं. एकाला आवरून धरलं म्हणून दुसऱ्याचा साठा वाढत नाही. आणि टेस्टोस्टेरॉनचा तर साठा असा नसतोच. या पेशींकडं त्याची कोठी नाही. बनलं की निघालं. आपल्या अंगातलं आजचं टेस्टोस्टेरॉन हे आजचंच असतं.

हे मला खरं समजलं ते पुस्तकातून नाही, गोठ्यातून. आमच्याकडं खिलारीचा एक खोंड होता. वशिंड पुढं झुकलेलं, माळावर दुसरा बैल दिसला की माती उकरायचा. तिसऱ्या वर्षी गुरांच्या डॉक्टरांना बोलावून त्याला खच्ची केलं. लांब दांड्याचा जाड चिमटा, रक्ताचा थेंब नाही, नुसती आतली नस चेपायची. आबांनी त्याची शिंगं धरली होती आणि ते दुसरीकडं बघत होते. पुढच्या कर्नाटकी बेंदरापर्यंत तो खोंड बैल झाला होता. जू मुकाट घ्यायचा. तीन वर्षांची सगळी आग कुठं साठवलेली असती, तर ती वर्षभर तरी पुरली असती. तसं काही झालं नाही. आवक थांबली आणि जावक चालूच राहिली, एवढंच. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या बर्थोल्ड या शास्त्रज्ञानं कोंबड्यांवर हाच धडा गिरवला होता. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला, आरवणं गेलं. वृषण पोटात नुसतं परत ठेवलं तरी तुरा राहिला, बांगही राहिली. नसांची जोडणी नव्हती, म्हणजे जे काही होतं ते रक्तातूनच जात होतं.

जावक या शब्दावर मी मुद्दाम थांबते, कारण सगळे बोलतात ते आवकेबद्दलच. लॅबमध्ये आमच्याकडं आवक-जावक वही आहे. डावीकडं आलेले नमुने, उजवीकडं गेलेले रिपोर्ट. वीस वर्षं ती वही लिहिताना माझ्या लक्षात आलंय की गडबड होते ती बहुधा उजव्या पानावर. शरीराचंही काहीसं तसंच आहे.

रक्तात उतरलेलं टेस्टोस्टेरॉन एकटं हिंडत नाही. बहुतेक सगळं प्रथिनांच्या पाठीवर बसलेलं असतं. काही अल्ब्युमिनवर सैलसर, काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनावर घट्ट. सुटं असतं ते शंभरात एक-दोन टक्के, आणि पेशीत शिरून काम करायची मोकळीक मुख्यतः त्याला. काही भाग वाटेत वेश बदलतो. कातडीत आणि प्रोस्टेटमध्ये त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं, ते जास्त जोरकस. दाढी-मिशीच्या मुळांना जागं करणारं तेच. थोडं चरबीत आणि इतर ठिकाणी इस्ट्रोजेन होतं. पुरुषाची हाडं म्हातारपणी टिकतात त्यात या बायकी म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकाचा मोठा हात असतो.

आणि बाकीचं लिव्हर मोडून टाकतं. सुट्या टेस्टोस्टेरॉनचं रक्तातलं आयुष्य मिनिटांत मोजावं लागतं. लिव्हर आधी त्याचा जोर काढतं, अँड्रोस्टेरॉनसारखे निरुपद्रवी तुकडे करतं. मग त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं. जे तेलात विरघळत होतं ते आता पाण्यात विरघळतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. शंभरातला नव्वदएक भाग असा लघवीवाटे जातो, थोडा विष्ठेतून.

गंमत नाही, पण मला भारावून टाकणारी गोष्ट अशी की माणसाला आधी ही जावकच सापडली. १९३१ मध्ये आडॉल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पोलिसांची हजारो लिटर लघवी आटवून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळं काढलं. ते टेस्टोस्टेरॉन नव्हतं, त्याची राख होती. खुद्द टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये अॅमस्टरडॅमला लाकर या शास्त्रज्ञाच्या गटानं बैलाच्या वृषणातून मिळवलं, आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांत वाटलं गेलं.

प्रयोगशाळेत बनवता यायला लागलं, आणि तिथूनच आणखी एक गोष्ट सुरू झाली. ती सांगायला मला जड जातं.

एक जोडपं यायचं. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. दोन वर्षं फक्त तिच्याच तपासण्या चालल्या होत्या. दर वेळी सासू सोबत यायची आणि बाकावर बसून सुनेच्या आयुष्याचा हिशेब शेजारच्या अनोळखी बाईला सांगायची. सून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायची. नवरा दंडावर शर्ट फाटेल असा. दाट दाढी. त्याच्याकडं बघून त्याच्यात काही कमी असेल असं कुणाच्या मनात येत नव्हतं, आणि माझ्याही आलं नव्हतं, हे मान्य करते. शेवटी डॉक्टरांनी खडसावलं तेव्हा त्यानं नमुना दिला.

काच मायक्रोस्कोपखाली घेतली. रिकामी. सरकवली, पुन्हा रिकामी. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खालचा गाळ पुन्हा तपासला. एक शुक्राणू नाही. डॉक्टरांनी रक्तही मागवलं. टेस्टोस्टेरॉन भरमसाट, आणि एलएच जवळजवळ शून्य. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की काय झालंय ते कळतं. तो जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं घेत होता.

टेस्टोस्टेरॉन नुसतं गिळलं तर आतड्यातून थेट लिव्हरमध्ये जातं आणि तिथंच मोडतं. म्हणून त्याला एक शेपूट जोडून, तेलात विरघळवून स्नायूत टोचतात. ते दिवसेंदिवस हळूहळू झिरपत राहतं. रक्तात भरती येते. पिट्युटरी बघते, माल मुबलक आहे, निरोप थांबवते. लायडिग पेशी हात बांधून बसतात. आणि इथं खरी मेख आहे. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्ताच्या कित्येक पटीनं जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथल्या तिथंच बनावं लागतं. बाहेरून टोचलेलं तिथवर त्या प्रमाणात पोचत नाही. शिवारात पाणीच पाणी आणि विहीर कोरडी, असं होतं. गावभर ज्याला मर्दपणाचं औषध म्हणतात, ते बाप होण्याची वाट बंद करतं.

त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. इंजेक्शन विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला नाही, विकणाऱ्याचा आला, आणि आजही येतो. त्यानं इंजेक्शनं सोडली. सहा-सात महिने तो सुकलेला, थकलेला यायचा, कारण बाहेरची आवक थांबली होती आणि आतली अजून सुरू झाली नव्हती. एक शुक्राणू घडायलाच अडीच महिने लागतात. दहाव्या महिन्यात मला काचेवर पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. मोजकेच होते. मी उठून दुसऱ्या टेक्निशियनला बोलावून दाखवलं, चूक होऊ नये म्हणून. बाहेर त्याची बायको एकटीच आली होती. तिच्या हातात रिपोर्ट देताना मी तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

उलट टोकाचा अनुभवही लॅबमध्ये येतो. दारूनं लिव्हर गेलेले गडी येतात. छातीला गाठीसारखी सूज, तळहात लाल. लोकांच्या नजरेतून लपवायला उन्हाळ्यातही स्वेटर. तिथं बिघाड बनवण्यातही असतो आणि मोडण्यातही. आजारी लिव्हरच्या रुग्णात एसएचबीजी वाढतं, सुटं टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, इस्ट्रोजेनचं पारडं जड होतं.

भाचीच्या अंगात याच्या उलट चाललं होतं. डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं, म्हणजे अंडाशयाचं काम आणि संप्रेरकांचा तोल बिघडण्याचा आजार. जगभरात मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना तो असतो असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मानेवरचा काळा पट्टा मळ नव्हता, रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण होती. इन्सुलिन वाढलं की ते एलएचच्या जोडीनं थीका पेशींना रेटतं, आवक वाढते. तेच इन्सुलिन लिव्हरला एसएचबीजी कमी बनवायला लावतं. पाठीवर घ्यायला घोडीच कमी, मग सुट्यांची गर्दी. एकूण आकडा फार वाढलेला नसला तरी सुटा भाग वाढतो, आणि कातडीतल्या मुळांना तोच जाऊन भिडतो. मी तिला म्हटलं, मानेला काथ्या लावायचा नाही, आजपासून. ती रडली ते त्या वाक्याला. इतके दिवस ती स्वतःला अस्वच्छ समजत होती.

आणि तेव्हा मला आईची हनुवटी आठवली. पाळी गेली की अंडाशयातलं इस्ट्रोजेन आटतं. टेस्टोस्टेरॉन मात्र तितक्या एकदम आटत नाही, म्हातारं अंडाशय आणि अॅड्रिनल ते थोडं थोडं बनवतच राहतात. इस्ट्रोजेन उतरलं की एसएचबीजीही उतरतं. तराजू किंचित कलतो आणि तीन-चार केस जाड होतात. आईला मी हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं बरं, तो डावीकडचा काढ आधी."

औषधं सुरू झाली. गोळ्या, रोज चालणं, चहातली साखर कमी, आणि बेळगावला आली की कुंद्याचा खोका न्यायचा नाही. केसांना मात्र सहा महिने तरी धीर धरावा लागतो. आत तराजू सावरला तरी मुळांचं चक्र आपल्या गतीनं फिरतं. मी तिला कॅलेंडरवर तारीख लिहून दिली, तोवर आरशाजवळ जास्त थांबायचं नाही म्हणून.

गेल्या सोमवारी ती दुसऱ्या तपासणीला आली. नमुना सकाळी, उपाशीपोटी घ्यायचा, कारण हे संप्रेरक पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं. पुरुषाला तर एकाच आकड्यावरून काही सांगू नये, दोन वेगवेगळ्या सकाळचे बघावेत. बायकांचं प्रमाण इतकं कमी की नेहमीच्या यंत्रात चूक होऊ शकते, म्हणून तिचा नमुना मी मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक तपासणीसाठी बाहेर पाठवते. पहिल्या एसटीनं आली होती. ओढणी खांद्यावर होती. पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, अर्धा तास गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. वर गवताच्या रंगाचा स्वच्छ सीरम आला. बर्फाच्या डब्यात ठेवून मी वहीत नोंद केली, आवक आठ वाजून दहा मिनिटं. इथं ट्यूबमध्ये आठ दहाची सकाळ थांबली होती. तिच्या रक्तातलं तेवढ्या वेळात कितीतरी येऊन गेलंही असणार. ती आत माझा डबा उघडून भाकरी आणि झुणका खात बसली होती. तोंड भरलेलं असतानाच तिनं विचारलं, "मावशी, आज्जीचा तो चिमटा कुणाकडं हाय गे?"

"माझ्याकडं," म्हटलं.

"मला दे. तुझ्या हनुवटीला एक दिसालाय."